कामावरचा मानसिक ताण आणि कंबरदुखी : प्रतिबंधाच्या योजनेत नेमके काय असावे?

मध्यरेषा

आमच्या कार्यालयाच्या सुरक्षा समितीत मी कर्मचाऱ्यांची प्रतिनिधी आहे. कंबरदुखीमुळे घेतल्या जाणाऱ्या रजा कमी व्हाव्यात यासाठी समितीकडून योजना मागवण्यात आली आहे. नव्या खुर्च्या घ्याव्यात, वजन कसे उचलावे याचे एखादे प्रशिक्षण ठेवावे आणि विषय मार्गी लावावा, असा बहुतेक सदस्यांचा कल आहे.

माझी अडचण निराळी आहे. एकाच मजल्यावर, एकाच बनावटीच्या खुर्च्यांवर बसणारे आमचे दोन विभाग आहेत आणि त्यांपैकी तक्रार निवारण विभागातून कंबरदुखीच्या तक्रारी कितीतरी अधिक येतात. तेथे दिवसभर संतापलेल्या ग्राहकांशी बोलावे लागते, प्रत्येक संभाषणाची मिनिटे मोजली जातात आणि जागेवरून उठायचे झाल्यास संगणकावर कारण नोंदवावे लागते. कामाच्या ताणाचा या दुखण्याशी संबंध असावा, असे मी बैठकीत म्हटले, तेव्हा एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, "म्हणजे या लोकांचे दुखणे खरे नाही, असे तुम्हाला म्हणायचे आहे का?" मला तसे मुळीच म्हणायचे नव्हते, परंतु नेमके उत्तरही देता आले नाही.

तेव्हा जाणकारांना दोन प्रश्न विचारते. हा संबंध खरोखर सिद्ध झालेला आहे का? आणि असल्यास प्रतिबंधाच्या योजनेत त्याला जागा कशी द्यावी?

खुर्चीबहाद्दर

आमच्याकडे कमरेला आधार देणाऱ्या, हव्या तशा वळणाऱ्या महागड्या खुर्च्या आल्या आहेत. खुर्ची सर्व बाजूंना वळते. कामाचे वेळापत्रक मात्र कोणत्याही बाजूला वळत नाही.

पाठीराखा

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर देते.

कंबरदुखीच्या साधारण ९० टक्के रुग्णांमध्ये अमुक एका हाडावर, मणक्यांमधल्या चकतीवर किंवा नसेवर बोट ठेवून दुखण्याचे मूळ दाखवता येत नाही. त्यामुळे ते दुखणे काल्पनिक ठरत नाही. स्नायूंची ताकद, झोप, कामाचे स्वरूप, पूर्वी कधी भरलेली उसण, दुखणे वाढेल ही भीती, असे अनेक घटक एकत्र आल्याने ते उभे राहते. आजाराकडे शरीर, मन आणि समाज या तिन्ही अंगांनी पाहावे, ही मांडणी जॉर्ज एंगेल यांनी १९७७ मध्ये केली आणि गॉर्डन वॉडेल यांनी १९८७ मध्ये ती कंबरदुखीला लावून दाखवली. वॉडेल हे अस्थिशल्यचिकित्सक होते. शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसानेच हे मांडले, ही गोष्ट त्या ज्येष्ठ सदस्यांना अवश्य ऐकवा.

ताण पाठीपर्यंत पोहोचतो कसा, याचे एक उत्तर अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात विल्यम मॅरस यांच्या गटाने केलेल्या आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मिळते. २५ जणांना ठरावीक वजने उचलायला सांगितली होती. आधी वातावरण खेळीमेळीचे ठेवले आणि नंतर प्रयोग घेणाऱ्यांनीच तुटक, टीकेचा सूर लावला. काम तेच असूनही दुसऱ्या फेरीत काही जणांच्या कण्यावरचा भार वाढला, कारण पोटाचे आणि पाठीचे परस्परविरोधी स्नायू एकाच वेळी आवळले जात होते आणि हालचालीतली सहजता गेली होती. सर्वांमध्ये हा फरक सारखा नव्हता. अंतर्मुख स्वभावाच्या व्यक्तींमध्ये तो अधिक दिसला.

यातले थोडेफार कोणालाही स्वतःवर पाहता येईल. वरिष्ठांचा खोचक ईमेल वाचताना खांदे कानांकडे सरकतात, श्वास अर्ध्यावर अडतो आणि कंबर खुर्चीच्या पाठीपासून सुटून पुढे येते. उत्तर पाठवून झाले तरी त्यातले काहीच आपोआप पूर्ववत होत नाही, विशेषतः पुढचा ईमेल आधीच येऊन थांबलेला असेल तर. त्यात ताणामुळे रात्रीची झोप बिघडली की दुसऱ्या दिवशी तीच वेदना अधिक तीव्रतेने जाणवते.

सावली

उत्तम प्रतिसाद. वाचनखूण साठवली आहे.

शंकासूर

प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु प्रयोगशाळेतल्या २५ जणांच्या स्नायूंवरून अख्ख्या कार्यालयाच्या कंबरदुखीचे निदान करणे मला घाईचे वाटते.

या विषयावर नेहमी पुढे केले जाणारे मोठे संशोधन म्हणजे विमाने बनवणाऱ्या बोइंग कंपनीतील ३,०२० कर्मचाऱ्यांची पाहणी, जी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. "कामात जवळजवळ कधीच आनंद वाटत नाही," असे सांगणाऱ्यांनी पुढील काळात पाठीच्या दुखापतीची तक्रार नोंदवण्याचे प्रमाण "जवळजवळ नेहमीच आनंद वाटतो," असे सांगणाऱ्यांच्या अडीचपट होते. आकडा लक्षवेधी आहे, हे मान्य. तरीही ती पाहणी तक्रार नोंदवण्याची होती, हे विसरून चालणार नाही. पाठ दुखणे आणि पाठ दुखते म्हणून कार्यालयात अर्ज देणे यांत अंतर असते. काम आवडणारा माणूस दुखत असतानाही हजर राहतो आणि काम नकोसे झालेला माणूस त्याच दुखण्यासाठी अर्ज करतो, असाही अर्थ त्यातून काढता येईल.

दुसरे असे की, सतत पाठ दुखणाऱ्या माणसाला काम तणावाचे वाटणारच. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे एकदाच केलेल्या सर्वेक्षणातून कळत नाही. धागाकर्तीच्या दोन विभागांतही वय, अनुभव, कामाचे तास यांत फरक असू शकतो.

पाठीराखा

शंकासूर, आक्षेप रास्त आहेत. कारण आणि परिणाम यांची उलटापालट टाळण्यासाठीच पाठ न दुखणाऱ्यांपासून सुरुवात करून काही वर्षे त्यांचा मागोवा घेणारी संशोधने केली जातात. त्यांतही कामाचा मानसिक भार, कामावर आपले नियंत्रण नसणे आणि सहकाऱ्यांचा आधार नसणे यांचा कंबरदुखीशी संबंध दिसतो, मात्र तो माफक असतो आणि प्रत्येक ठिकाणी सारखा नसतो. "ताण हेच कारण," असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. अनेक कारणांपैकी ते एक आहे, आणि ते कामाच्या रचनेतून येत असल्याने मालकाला बदलता येण्यासारखे आहे, एवढेच मी म्हणेन.

रात्रपाळी

शंकासूर यांच्या आक्षेपांचा मान राखून सांगते की, मानसिक ताण आणि शारीरिक भार या दोन गोष्टी वेगवेगळ्या पारड्यांत टाकता येतात, हेच मला मान्य नाही. मी परिचारिका आहे. रुग्णाला पलंगावरून खुर्चीत घेताना पलंगाची उंची आपल्या कमरेइतकी करायची, सरकती चादर वापरायची आणि दोघींनी मिळून हलवायचे, हे आम्हा सर्वांना पाठ आहे. रात्री वॉर्डात माणसे कमी असतात. एका बाजूला घंटा वाजत असते, दुसरीकडे औषधाची वेळ टळत असते, उचलण्याचे यंत्र मार्गिकेच्या दुसऱ्या टोकाला असते आणि जोडीची सहकारी दुसऱ्या रुग्णाजवळ अडकलेली असते. अशा वेळी पलंग वर घ्यायला लागणारा अवधीही जास्त वाटतो आणि परिचारिका एकटीच वाकते.

तिच्या कमरेत लचक भरली की अपघाताच्या नोंदवहीत कारण लिहिले जाते, "चुकीच्या पद्धतीने उचलल्यामुळे." त्या पाळीत किती जणी कमी होत्या, हे लिहिण्यासाठी नोंदवहीत रकानाच नसतो. मग उपाय म्हणून पुन्हा उचलण्याचे प्रशिक्षण.

गोदामकर

रात्रपाळी यांना +१. गोदामात आमच्या हातातल्या स्कॅनरवर पुढची वस्तू काढण्यासाठी उरलेले सेकंद उलटे मोजले जातात. पाऊल टाकून पूर्ण वळायचे म्हटले तर क्षण जातो, म्हणून माणूस पाय जागेवर रोवून कमरेतूनच पिळतो, एका हाताने खोके ओढतो आणि दुसऱ्या हातातला स्कॅनर डोळ्यांसमोरून हलू देत नाही. प्रशिक्षणात "पाय वळवा, कंबर पिळू नका," असे छान चित्रासह शिकवले होते. दुर्दैवाने स्कॅनर त्या प्रशिक्षणाला हजर नव्हता.

अमेरिकेच्या नायोश या संस्थेचे वजन उचलण्याविषयीचे १९९१ चे सुधारित सूत्र आहे. त्यात अगदी अनुकूल परिस्थितीतही २३ किलोची मर्यादा धरतात आणि वजन शरीरापासून किती लांब आहे, किती पिळावे लागते, मिनिटाला किती वेळा उचलावे लागते, त्याप्रमाणे ती खाली आणतात. त्यात वारंवारतेचा हिशेब आहे; पाठीशी लागलेल्या घड्याळाचा नाही.

शांतचित्त

ताण कोणाच्या कामात नसतो? आपण घेतो म्हणून तो येतो. सकाळी दीर्घश्वसन, ध्यान आणि सकारात्मक विचार एवढे केले तर निम्म्या तक्रारी आपोआप मिटतील. प्रत्येक गोष्टीसाठी व्यवस्थापनाकडे बोट दाखवणे सोपे असते.

खुर्चीबहाद्दर

शांतचित्त, "ताण घेऊ नका," असे सांगणारे गृहस्थ बहुधा तो वाटपाच्या खात्यावर असतात, असा माझा अनुभव आहे.

आकडेमोड

माझे काम व्यावसायिक सुरक्षेच्या क्षेत्रात आहे. शांतचित्त यांच्या म्हणण्यातला एक भाग खरा आहे: ज्यांचे दुखणे जुनाट झाले आहे त्यांना श्वसन, ध्यान आणि वर्तनोपचार यांचा उपयोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या, त्यांत व्यायामाच्या जोडीला मानसोपचारांचाही समावेश आहे. परंतु तो उपचाराचा भाग झाला. धागा प्रतिबंधाचा आहे, आणि सुरक्षेच्या क्षेत्रातला पहिला नियम असा की धोका आधी मुळाशी कमी करावा आणि माणसाला चिलखत नंतर घालावे. यंत्राचे उघडे पाते झाकण्याऐवजी कामगाराला "मन एकाग्र करा," असे कोणी सांगत नाही.

मुळाशी काय असते, याची मांडणी जुनी आहे. रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये दाखवले की, नुसते काम जास्त असणे सर्वांत घातक नसते. काम जास्त आणि ते कसे, कधी, कोणत्या क्रमाने करायचे यावर आपला अधिकार शून्य, हे मिश्रण सर्वाधिक ताण निर्माण करते. पुढे या मांडणीत वरिष्ठांच्या आणि सहकाऱ्यांच्या आधाराची भर पडली. योहानेस सीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये कष्ट आणि मोबदला यांतील असमतोल पुढे आणला, आणि मोबदल्यात पैशांखेरीज मान आणि नोकरीची शाश्वतीही धरली. धागाकर्तीचा तक्रार विभाग कॅरासेक यांच्या चौकटीत बसवून पाहा. उठण्याचे कारण नोंदवावे लागते, यापेक्षा कमी नियंत्रण आणखी कसले असणार?

सावली

थोडे अवांतर वाटेल, पण विचारते. माझ्या एमआरआयच्या अहवालात चकती फुगल्याचे आणि झिजल्याचे लिहिले आहे. तेव्हापासून मी खाली वाकणेच सोडले आहे. कामाचा ताण कमी होऊन अशी चकती सुधारणार आहे का?

पाठीराखा

सावली, हे अवांतर मुळीच नाही. ज्यांना कसलाही त्रास नाही अशा लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांमध्ये चकत्यांची झीज आढळली, तीही पाठ अजिबात दुखत नसताना. त्यामुळे अहवालातल्या शब्दांवरूनच दुखण्याचे कारण ठरवता येत नाही. तुमच्या लक्षणांशी ते जुळते का, हे तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

वाकणे सोडले, हे वाचून मात्र काळजी वाटली. दुखेल या भीतीने हालचाल टाळायची, हालचाल टाळल्याने स्नायू दुबळे आणि पाठ आखडलेली, मग थोड्याशा हालचालीनेही दुखणे, त्यातून भीती आणखी पक्की, असे चक्र व्लायेन आणि लिंटन यांनी २००० मध्ये सविस्तर मांडले आहे. पूर्वी सांगत तशी अंथरुणावरची दीर्घ विश्रांती आता सांगितली जात नाही. झेपेल तेवढे दैनंदिन काम चालू ठेवणारे लवकर सावरतात.

याला अपवाद आहेत आणि ते सर्वांनी लक्षात ठेवावेत. लघवी किंवा शौचावरचे नियंत्रण जाणे, जांघेच्या आणि बैठकीच्या भागाला बधिरपणा येणे, पायातली ताकद झपाट्याने कमी होणे, ताप, कारण नसताना वजन घटणे, पूर्वी झालेला कर्करोग किंवा मोठा अपघात, यांपैकी काहीही असल्यास ताण, खुर्ची वगैरे चर्चा बाजूला ठेवून तातडीने डॉक्टरांकडे जावे.

मध्यरेषा

सर्वांचे आभार. पाठीराखा, रात्रपाळी आणि गोदामकर यांच्या प्रतिसादांवरून उचलण्याचे प्रशिक्षण निरुपयोगी आहे, असे समजायचे का? समितीतील एका गटाचा सर्वांना कमरेचे पट्टे वाटण्याचाही आग्रह आहे.

पाठीराखा

पट्ट्यांचा आग्रह सोडायला सांगा. २०१६ मध्ये प्रतिबंधाच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. व्यायाम आणि त्याच्या जोडीला माहिती दिल्याने कंबरदुखी उद्भवण्याचा धोका सुमारे ४५ टक्क्यांनी, तर नुसत्या व्यायामाने सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाला. नुसती माहिती, कमरेचे पट्टे आणि बुटातल्या गाद्या यांचा प्रतिबंधासाठी उपयोग दिसला नाही. उचलण्याच्या तंत्राच्या प्रशिक्षणाबद्दल २००८ चा आढावाही असाच निराशाजनक होता. गोदामकरांच्या स्कॅनरकडे पाहिले की त्याचे नवल वाटत नाही.

व्यायाम म्हणजे व्यायामशाळाच हवी, असेही नाही. दुखणे एकदा बरे झालेल्या ७०१ प्रौढांवर ऑस्ट्रेलियात झालेली चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांना टप्प्याटप्प्याने चालण्याचा कार्यक्रम आणि त्यासोबत मार्गदर्शन दिले, त्यांच्यात दुखणे परतण्याचा मध्यक कालावधी, म्हणजे निम्म्या लोकांचे दुखणे परतेपर्यंतचा काळ, २०८ दिवसांचा होता. इतरांमध्ये तो ११२ दिवसांचा होता.

शंकासूर

हा पुरावा मला पटतो. आता तोच काटा ताणालाही लावा. व्यायामासाठी चाचण्या आहेत. कामाची रचना बदलल्याने कंबरदुखी घटते, हे तितक्याच ठामपणे दाखवणाऱ्या चाचण्या कोठे आहेत?

आकडेमोड

तितक्या भक्कम नाहीत, हे स्पष्टपणे मान्य करतो. एका विभागाची वेळापत्रके चिठ्ठ्या टाकून बदलायची आणि दुसऱ्याची नाही, असा प्रयोग करू देणारे व्यवस्थापन सापडणे अवघड असते. म्हणूनच "कामाचा ताण कमी करा, कंबरदुखी इतक्या टक्क्यांनी घटेल," असे आश्वासन धागाकर्तीने समितीला देऊ नये.

परंतु कामाच्या रचनेतले धोके तपासणे हे कंबरदुखीसाठी नसले तरी करायचेच आहे. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यकारी संस्थेने २००४ पासून कामाचा भार, नियंत्रण, आधार, परस्परसंबंध, भूमिकेची स्पष्टता आणि बदल हाताळण्याची पद्धत अशा सहा अंगांनी तपासणीची चौकट दिली आहे. कामावरील मानसिक आरोग्य आणि सुरक्षेसाठी आयएसओ ४५००३ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२१ मध्ये आले. म्हणजे समितीने नवीन काही शोधून काढायचे नाही. खुर्चीची उंची तपासतो त्याच फेरीत पाळीतली माणसे आणि लक्ष्येही तपासायची.

रात्रपाळी

आकडेमोड यांनी दुखापतीच्या नोंदवहीचे काय करावे, तेही सांगावे. तिथे कारणांची यादी आधीच छापलेली असेल, तर तपासणी कितीही अंगांनी केली तरी शेवटी दोष वाकणाऱ्या कमरेवरच येतो.

आकडेमोड

रास्त मुद्दा. नोंद करताना त्या वेळी ठरलेल्यापेक्षा किती माणसे कमी होती, उपकरण हाताशी होते का, आणि मागच्या काही तासांत विश्रांती मिळाली होती का, हे तीन प्रश्न विचारायला सांगा. कोणाची चूक, हा प्रश्न त्या कागदावर नसलेलाच बरा. तो असला की लोक नोंदच करत नाहीत.

शांतचित्त

माझ्या प्रतिसादाचा बराच समाचार घेतला गेला, तो खिलाडूपणे घेतो. ध्यानाचा वर्ग योजनेतून पूर्णपणे वगळावा, असे मात्र वाटत नाही.

मध्यरेषा

शांतचित्त, वर्ग ऐच्छिक ठेवण्यास माझी हरकत नाही. तो जेवणाच्या सुट्टीत भरवू नये, इतकेच.

समितीपुढे मांडण्यासाठी मी असा मसुदा केला आहे. खुर्च्या सरसकट न बदलता मोडक्या तेवढ्याच बदलाव्यात. पट्टे घेऊ नयेत. उरलेल्या रकमेतून फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली व्यायाम आणि चालण्याचा कार्यक्रम कामाच्या वेळेतच सुरू करावा. तक्रार विभागात उठण्याचे कारण नोंदवण्याची सक्ती काढावी आणि कठीण संभाषणानंतर लगेच पुढचा फोन येणार नाही अशी सोय करावी. दोन्ही विभागांत त्या सहा अंगांची निनावी प्रश्नावली आता आणि काही महिन्यांनी पुन्हा भरून घ्यावी. शिवाय दुखापतीच्या नोंदीत आकडेमोड यांचे तीन प्रश्न घालावेत. शंकासूर यांच्या आक्षेपांमुळे टक्क्यांचे कोणतेही आश्वासन दिलेले नाही.

शंकासूर

मसुदा आवडला. एक सुचवतो : वय, अनुभव आणि कामाचे तास हेही प्रश्नावलीत विचारा, नाहीतर दोन विभागांची तुलना पुन्हा हवेत राहील.

गोदामकर

ते विचारा, पण जपून. विभाग लहान असेल तर वय आणि अनुभवाची वर्षे यांवरून कोणते उत्तर कोणाचे, हे विभागप्रमुख सहज ओळखतील. आमच्याकडे तसे झाल्यावर पुढच्या वेळी सर्वांनी "उत्तम" या रकान्यातच खुणा केल्या. वय गटांत विचारा आणि भरलेले कागद विभागप्रमुखांच्या हाती न देता समितीकडेच ठेवा.

खुर्चीबहाद्दर

आणि एक खुलासा आताच करून घ्या. लोक नोंद न करता उठू लागले की त्यांचे फोन कोण घेणार? ते ठरलेले नसेल तर उठणाऱ्याचे काम शेजारच्यावर पडेल आणि आठवड्याभरात शेजारीच त्याला बसवून ठेवतील.

मध्यरेषा

हे खरेच राहून गेले होते. त्या विभागात प्रत्येक पाळीला एक जादा माणूस ठेवावा, अशी मागणी जोडते आणि ती मसुद्यात सर्वांत वर घेते, कारण कपात होईल ती तेथूनच सुरू होईल. बैठक झाली की निर्णय येथे कळवीन.